पितृपक्षातले टायर

मी पिकअप ट्रक घेतला तेव्हा मोठ्या उत्साहाने नागपूरला फोन केला. "मामा, ट्रक घेतला," म्हणालो. मामांनी दबक्या आवाजात विचारलं, "नोकरी गेली का रे?"

त्यांची चूक नव्हती. आपल्याकडे ट्रक घेतो तो ट्रान्सपोर्टवाला. इकडे कॅनडात, सस्काटूनमध्ये मात्र दातांचा डॉक्टर ट्रक घेतो, शाळेतली बाई ट्रक घेते आणि ज्याच्याकडे ट्रक नाही त्याच्याकडे लोक जरा सहानुभूतीने बघतात. पुढे माणसांना बसायला दोन ओळी, मागे उघडा हौदा. त्यातही माझा हेवी ड्यूटी, म्हणजे पिकअपांमधला पैलवान. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे तपासणारा इंजिनिअर. मला पैलवान कशाला हवा होता, हे बायकोने विचारलं आणि मी उत्तरादाखल तिला हॉर्न वाजवून दाखवला.

पुढची काही वर्षं त्या पैलवानाने गणपतीचं मखर वाहिलं आणि इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचे सोफे वाहिले. कोणी अपार्टमेंट बदललं की पहिला फोन मला. गावातल्या एकाही मराठी कुटुंबाचा सोफा असा उरला नव्हता, ज्याची मागची बाजू मी ओळखत नव्हतो.

मग बायकोने ट्रेलर घेतला आणि ट्रकला आयुष्यात पहिल्यांदा खरं काम मिळालं.

त्या ट्रेलरमागे तिची बरीच वर्षं होती. पुण्याहून येताना ती सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी घेऊन आली होती. इकडे त्या पदवीला कोणी विचारलं नाही. ती शाळेच्या कॅफेटेरियात सँडविच भरायला लागली आणि भरत राहिली. तक्रार कधी केली नाही, पण मोहरी तडतडण्याचा आवाज नसलेल्या स्वयंपाकघरात माणूस कोमेजतो, असं ती म्हणायची. एका वसंतात तिने कोणालाही न विचारता खाण्याच्या स्टॉलचा जुना ट्रेलर घेतला. त्यात तळणीची कढई होती, पाण्याची टाकी होती, गॅसच्या टाक्या होत्या, एका बाजूला उघडणारी खिडकी होती. तो घासून-पुसून लख्ख केला आणि उत्तरेकडच्या एका छोट्या गावात पीक निघाल्यावर जी जत्रा भरते, तिथे जागा मिळवली. जत्रा भरवणाऱ्या बाईंची अट एकच. शनिवारी सकाळी ट्रेलर मैदानात उभा पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला. दुसऱ्या लोकांची रांग होती, आणि जी जागा पहिल्या वर्षी सुटते ती पुन्हा मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोने शाळेतली नोकरी सोडली ती त्या जत्रेच्या भरवशावर.

आता आईकडे वळतो. आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. विकायचं काय यावर दोघींची आधी थोडी खणाखणी झाली. बायको म्हणे बटाटेवडा, आई म्हणे आलूबोंडा. आईने एकदा तिच्या हातचा मसाला घालून बोंडे तळले, बायकोने एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि पाटीवर आलूबोंडा लिहून टाकलं. पुण्याने नागपूरपुढे अशी शरणागती पत्करल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

जत्रा नेमकी पितृपक्षात येत होती. पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही, नवीन वस्तू घ्यायची नाही. या बाबतीत आईसमोर सुप्रीम कोर्टही मवाळ. पण बायकोही काही कमी नव्हती. तिने गणेश चतुर्थीलाच घरासमोरच्या ड्राइव्हवेवर ट्रेलरची खिडकी उघडली, पहिला बोंडा तळून गणपतीला दाखवला आणि शेजारच्या आजोबांना विकला. धंदा सुरू झाला. जत्रेत जायचं म्हणजे चालू धंदा पुढे चालवायचा, इतकंच. आईने विचार केला आणि मान हलवली. तिला वकिली मुद्दे आवडतात.

बाबांची तिथी त्या पंधरवड्यात झाली. घास ठेवायला आई अंगणात गेली तर कावळ्याऐवजी मॅगपाय आला, काळ्या-पांढऱ्या पिसांचा, लांब शेपटीचा. मी आईकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "इकडचा कावळाच तो. थंडी आहे म्हणून कोट घालून आला."

एवढं सगळं बिनबोभाट पार पडलं आणि जत्रेला आठवडा राहिला असताना माझ्या ट्रकच्या चाकात खिळा घुसला.

खिळा काढायला टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार दाढीवाला, आडवातिडवा, बोलायला हौशी माणूस. त्याने खिळा काढला आणि मग चारही चाकांभोवती असा फिरला, जसा एखादा डॉक्टर नुसत्या सर्दीसाठी आलेल्या माणसाला आडवं करून पोट दाबायला लागतो. रबरावरची नक्षी जवळपास पुसली होती. बाजूच्या भिंतींना बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यातल्या टाचांसारख्या. रिकामा ट्रक गावात फिरवायचा तर बर्फ पडेपर्यंत चालतील, तो म्हणाला. मी ट्रेलरचं सांगितलं. त्याने दाढी खाजवली आणि म्हणाला की ट्रेलर लावून, खडीच्या रस्त्यावर, तो तरी या टायरांवर जाणार नाही.

घरी येऊन मी ही बातमी जेवताना दिली. बायको म्हणाली, उद्याच घेऊ. आई म्हणाली, "सर्वपित्री झाल्यावर."

"आई, जत्रा सर्वपित्रीच्या आधी आहे."

"मग जुन्यावर जा."

"जुने फाटतील."

"पंधरवड्यात नवी वस्तू घरात येणार नाही," आई म्हणाली आणि भात वाढून घेतला.

बायकोने माझ्याकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. अशा वेळी नवऱ्याने ताटाकडे बघायचं असतं. मी बघितलं.

मी हे दुरुस्तीच्या कलमाखाली बसवायचा प्रयत्न केला. ट्रक जुनाच आहे, आपण फक्त त्याची झीज भरून काढतोय, वगैरे. आईने विचारलं, चपलेचा अंगठा तुटला तर शिवून आणतात. पण चार नव्या चपला आणल्या तर ती दुरुस्ती का? या मुद्द्यावर मी हरलो. मग मी माझ्या पुणेकर मित्राला फोन केला. तो पोटॅशच्या खाणीत यंत्रांचा इंजिनिअर आहे आणि जगातल्या कुठल्याही वस्तूवर त्याचं मत तयार असतं. त्याने टायर या विषयावर मला एक व्याख्यान दिलं. हायवेचे गुळगुळीत घे, आवाज येत नाही. पितृपक्षाचं म्हणशील तर सोपं आहे, तो म्हणाला. नवे घेऊच नकोस, वापरलेले घे.

मला त्याला फोनमधूनच मिठी मारावीशी वाटली. वापरलेली वस्तू नवी कशी? आई खूश, बायको खूश, पितर खूश. मी आईला जाऊन विचारलं. ती थोडा वेळ मेथी निवडत राहिली आणि म्हणाली, "दुसऱ्याचे वापरलेले? मग चालते." मी त्या दिवशी घरात असा फिरत होतो जसा काश्मीर प्रश्न मीच सोडवला.

इंटरनेटवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघून एका शेतावर गेलो. एका माणसाने त्याच्या हलक्या ट्रकचे टायर काढून ठेवले होते, जवळजवळ नवेकोरे. मापाचे आकडे माझ्या टायरच्या आकड्यांशी हुबेहूब जुळत होते. तेच मी बघितले. आकड्यांच्या पुढे एक अक्षरही असतं आणि त्या अक्षरावरून टायर माणसं वाहणाऱ्या जातीचा की ओझं वाहणाऱ्या जातीचा ते कळतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आडनाव बघून मुलगी पाहायला जावं तसं झालं. आडनाव तेच होतं, घराणं वेगळं होतं. एका गॅरेजवाल्याने कुरकुर करत टायर बसवून दिले. याच्यावर ओझं ओढू नकोस म्हणाला. मी म्हटलं, थोडंसंच आहे.

बुधवारी रंगीत तालीम करायची ठरली. ट्रेलर जोडला, टाकी भरली, तळणीचं सगळं सामान आत. बायको माझ्या शेजारी. मागच्या ओळीत आई, अंगात माझा जुना विंटर कोट आणि मांडीवर भिजवलेल्या बेसनाचं पातेलं. पातेलं ट्रेलरमध्ये का नाही ठेवलं? कारण आईचा ट्रेलरवर विश्वास होता, पण बेसनाच्या बाबतीत नव्हता.

शहर सोडून आम्ही खडीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, वर लांबच लांब आकाश. मी गाणं म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात ट्रकची मागची बाजू हलकेच डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, या वेळी जरा जास्त. ट्रेलर त्याच्या मागे लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या काकांसारखा झुलायला लागला.

मागून आवाज आला, "अरे, हा ट्रक काहून डुलून राहिला?"

मी ब्रेक दाबायला नको होता. दाबला. पातेल्याने आईच्या मांडीवरून पुढे येऊन बघायचं ठरवलं, आणि त्यातलं निम्मं बेसन माझ्या कोटावर, आईच्या साडीवर आणि बायकोच्या सीटच्या पाठीवर पसरलं.

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. खाली उतरून बघितलं तर मागच्या टायरांच्या भिंती बाहेर फुगल्या होत्या, पोटभर जेवून सदऱ्याची बटणं ताणलेल्या माणसासारख्या. एका टायरला तर बाजूला चक्क टेंगूळ आलं होतं. मी हवा भरू असं काहीतरी म्हणालो. बायकोने टेंगळावर हात ठेवला, काढून घेतला.

ती ओरडली असती तर मी काहीतरी विनोद केला असता. ती ओरडली नाही. तिने कमरेला गुंडाळलेल्या ॲप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "मी जत्रेच्या बाईंना फोन करून नाही म्हणते. उद्या करण्यापेक्षा आज केलेला बरा. त्यांना दुसरं कोणी तरी बघता येईल."

तिने फोन काढला. तिथे रेंज नव्हती. आमच्या सस्कॅचवान प्रांतातल्या गवताळ माळाचे माझ्यावर अनेक उपकार आहेत, त्यातला हा सर्वांत मोठा.

परत येताना ट्रक बैलगाडीच्या वेगाने चालवला. आई मधूनमधून कोटावरचं बेसन बोटाने काढून पातेल्यात टाकत होती, मग लक्षात आलं की ती ते पातेल्यात टाकत नाही, चाखतेय. घर आल्यावर ती तशीच, बेसनाचा कोट न काढता, तडक खाली बेसमेंटमध्ये गेली. तिथे बाबांचा फोटो होता. आम्ही दोघं जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिलो. चोरून ऐकत होतो असं नाही. आईचा आवाजच तसा आहे.

"अहो," ती फोटोला म्हणाली, "तुम्ही जेवून गेला ना? पोट भरलं ना? मग आता माझं ऐका. ही पोरगी इतके वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे डबे भरून राहिली. आता कुठे तिने स्वतःची कढई चढवली. आणि तुमचा मुलगा शहाणपणा करून कोणाचे तरी फाटके टायर घेऊन आला, माझ्यासाठी. तुमच्या नावाने. तुम्हाला असं चाललं असतं का?"

बायकोने माझा दंड घट्ट धरला होता.

आई वर आली. चेहरा कोर्टातून निकाल घेऊन आल्यासारखा.

"ते म्हणाले, घ्या," ती म्हणाली. "पण चांगले घ्या म्हणाले. पूजा, नारळ, हळदकुंकू दसऱ्याला. तोपर्यंत टायर घरात आणायचे नाही. ट्रकलाच राहू द्यायचे." मग पायऱ्या चढल्यामुळे आलेला दम घेत तिने कोटाकडे बघितलं. "आणि मीठ कमी आहे बेसनात, सूनबाई."

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दाढीवाल्याने टेंगूळ बघितलं आणि मला बरंच काही ऐकवलं. ते सगळं इथे सांगत नाही; त्यातलं बरंचसं मीही माझ्याबद्दल म्हणालो असतो. मग त्याने आतून तीन प्रकारचे टायर आणून जमिनीवर ओळीने उभे केले.

पहिला हायवेचा, मित्राने सुचवलेला. नक्षी बारीक, स्वभाव शांत. डांबरावर टिकेल, दाढीवाला म्हणाला, पण खडी त्याला कुरतडेल. तिसरा चिखलातला. अहाहा. काय ते रूप. हाताच्या पंज्याएवढे रबराचे ठोकळे, बाजूला मोठमोठी पांढरी अक्षरं. तो लावला की माझा पैलवान आखाड्यात उतरणार. मी त्याच्यावरून हात फिरवत राहिलो. दाढीवाल्याने विचारलं की मला ट्रक कामाला हवाय की मिरवायला.

माझ्या तोंडात 'दोन्ही' होतं. बायको म्हणाली, "कामाला."

तो चिखलातला टायर डांबरावर भुंग्यासारखा आवाज करतो आणि लवकर झिजतो, असं कळलं. बर्फावरही त्याची धड पकड नसते. मी हात काढून घेतला, पण सावकाश.

मधला सगळीकडे चालणारा. खोल नक्षी, दगड लागला तरी सहज टवका न उडणारं रबर, बाजूला डोंगर आणि हिमकणाचं छोटं चिन्ह, म्हणजे बर्फातही चालेल. आणि भिंती जाड. बायकोने अंगठ्याने भिंत दाबली, जशी ती कणीक दाबून बघते. अंगठा आत गेला नाही. तिने माझ्या काढलेल्या टायरची भिंत दाबली, ती आत गेली. तिने दाढीवाल्याला विचारलं की पाण्याची टाकी, गॅस, तेल, सगळं धरून ट्रेलर एवढा जड आहे, हे टायर किती ओझं सोसतात. त्याने टायरवरच लिहिलेलं वाचून दाखवलं. तिने ट्रेलरच्या पाटीवरचा आकडा पाठ करून आणला होता. दोन्ही ताडून बघितले. मग विचारलं, "बनवला कधी?" तिची ही सवय आहे, दही असो की टायर, तारीख वाचल्याशिवाय घरात येत नाही. दाढीवाल्याने वाकून बाजूचे शेवटचे आकडे दाखवले, आठवडा आणि वर्ष. त्याच उन्हाळ्यातला होता.

आईने तोपर्यंत टायरवर बोटांनी टकटक केली, कान लावला आणि मान हलवली. टरबूज तसं निवडतात. दाढीवाल्याने मला विचारलं की ती काय ऐकतेय. मी म्हटलं, तिला उत्तर येतंय, तुला ऐकू यायचं नाही.

चार मधले लागले. मी पांढरी अक्षरं तरी बाहेरच्या बाजूला लावा असं म्हणून बघितलं. त्या टायरवर पांढरी अक्षरं नव्हती.

शनिवारी सकाळी गवतावर दव गोठलेलं असताना आम्ही निघालो. शेवटचा टप्पा पुन्हा खडीचा. बायकोने दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरलं होतं. आईने पातेलं धरलं होतं. ट्रक सरळ गेला. ट्रेलर त्याच्या मागे आज्ञाधारक सुनेसारखा गेला, अशी उपमा मी मोठ्याने दिली आणि दोघींनीही मला गप्प केलं.

वेळेत पोहोचलो. जागा मिळाली, मैदानाच्या फाटकापासून जरा लांब. खिडकी उघडली, तेल तापलं, पहिला घाणा निघाला. आणि कोणीच येईना. शेजारी काडीवरच्या सॉसेजचा ट्रेलर होता, त्याच्यापुढे लांब रांग. आमच्याकडे लोक पाटी वाचायचे, ओठ हलवून आलूबोंडा म्हणून बघायचे आणि पुढे जायचे. घाणा थंड झाला. बायकोने तो बाजूला ठेवला आणि दुसरा टाकला. तिचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता आणि मी दुसरीकडे बघत होतो.

मग एक उंच शेतकरी आला, टोपी मागे सरकवलेली. तो पाटीकडे बघतच नव्हता. त्याने माझ्या ट्रकच्या मागच्या चाकाला बुटाने हळूच लाथ मारली. या भागात ही ओळख करून घेण्याची पद्धत आहे. नवे का, त्याने विचारलं. खडीवर कसे आहेत?

मला प्रेक्षक मिळाला. मी भेगांपासून सुरुवात केली. टेंगूळ हाताने काढून दाखवलं, डुलणारा ट्रेलर कमरेने दाखवला, बेसनाचं पातेलं उडालेलं दाखवलं. मृतांचा एक पंधरवडा असतो आणि त्यात टायर घेता येत नाहीत, हे सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढली. त्याचे दोन मित्र येऊन उभे राहिले. त्यांनीही चाकाला लाथा मारल्या. मग आणखी चार जण. चिखलातले का नाही घेतले यावर वाद सुरू झाला, कोणाच्या मेहुण्याचे कसे फाटले ते निघालं. मी सगळ्यांना आपलं मत मांडू दिलं, मंडळाच्या सभेत देतो तसं.

खिडकीतून बायकोने कागदाच्या वाटीत एक गरम बोंडा, वर तळलेली मिरची, त्या उंच माणसाच्या हातात दिला. तो टायरबद्दल बोलत बोलत चावला. थांबला. मग त्याने वाटीत बघितलं.

"याला काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"आलूबोंडा," आई खिडकीतून म्हणाली. तिला इंग्रजी फार येत नाही, पण हे तिने अशा ठसक्यात सांगितलं की मागच्यांनीही ऐकलं. त्याने आणखी मागितले. त्याच्या मित्रांनी मागितले. मी बोलणं थांबवणार होतो, तर बायकोने झाऱ्याने मला खूण केली की चालू ठेव. मी दुपारपर्यंत चालू ठेवलं. टेंगूळ दर वेळी थोडं मोठं होत गेलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा बटाटे संपले. आई उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून स्वतःसाठी राखलेला शेवटचा बोंडा खात होती. जत्रेच्या बाई आल्या, हातात कॉफी, आणि विचारलं की पुढच्या वर्षी हीच जागा ठेवू का. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

बायको खिडकीतून वाकली. तिचा चेहरा तेलाने चमकत होता.

"ही नको," ती म्हणाली. "मला फाटकाजवळची द्या."